क्रॉल स्पेसचे बंदिस्तीकरण

क्रॉल स्पेसचे बंदिस्तीकरण म्हणजे घराचा लाकडी तळमजला आणि त्याखालची जमीन यांच्यामधील ठेंगणी पोकळी बाहेरच्या हवेपासून व जमिनीतील ओलीपासून अलग करण्याची पद्धत होय. त्यासाठी जमिनीवर व भिंतींवर बाष्परोधक आवरण घातले जाते, भिंतींतील झरोके बुजवले जातात आणि आतली हवा कोरडी राहील अशी यंत्रणा बसवली जाते. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वापरली जाते. तेथील आग्नेय भागात, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना, जॉर्जिया, टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांत, उन्हाळा उष्ण व दमट असल्याने तिचे महत्त्व विशेष आहे. व्यावसायिक कंत्राटदारांकडून हे काम करून घेण्यास बराच खर्च येत असल्यामुळे अनेक घरमालक ते अंशतः किंवा पूर्णतः स्वतः करतात. योग्य क्रमाने केल्यास या कामामुळे लाकडाचे कुजणे व बुरशी रोखता येते. क्रम चुकल्यास मात्र पाणी आवरणाखाली कोंडले जाते, तर काही परिस्थितींत विषारी वायू घरात शिरण्याचा धोका निर्माण होतो.

रचना

क्रॉल स्पेस या इंग्रजी संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘रांगत जाण्याची जागा’ असा आहे. या प्रकारच्या घरात बाहेरील बाजूने विटांची, काँक्रीटच्या ठोकळ्यांची किंवा ओतीव काँक्रीटची बुटकी पायाभिंत असते. आत ठिकठिकाणी खांब असतात. पायाभिंत आणि खांब यांवर लाकडी तुळया व आडव्या कड्या टेकवून त्यांवर फळ्यांची जमीन केली जाते. खालच्या मातीपासून कड्यांपर्यंतची उंची सर्वसाधारणपणे अर्धा ते सव्वा मीटर असते. पाण्याचे व सांडपाण्याचे नळ, विजेच्या तारा, वातानुकूलनाच्या हवानलिका आणि कित्येक घरांत गॅसवर चालणारी भट्टी किंवा पाणी तापवण्याचे यंत्रही याच जागेत असते.

उतारावरील जमिनीवर सपाट काँक्रीटचा थर टाकण्यापेक्षा असा पाया सोपा व स्वस्त पडतो, तसेच नळ आणि तारांच्या दुरुस्तीसाठी खालून पोहोचता येते. ही या रचनेच्या प्रसाराची मुख्य कारणे आहेत. तिचा मुख्य दोष असा की ही जागा सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. त्यामुळे तेथील ओल अनेक वर्षे लक्षात येत नाही आणि फळ्या खचू लागल्यावर किंवा घरात कुबट वास येऊ लागल्यावरच तिचा शोध घेतला जातो.

ओल येण्याचे मार्ग

पोकळीत ओल चार मार्गांनी येते. प्रत्येक मार्गाचा उपाय वेगळा असल्याने बंदिस्तीकरणापूर्वी हे मार्ग ओळखणे आवश्यक असते.

पहिला मार्ग वाहत्या पाण्याचा. पन्हळी तुंबलेल्या असणे, पन्हळीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशीच पडणे किंवा अंगणाचा उतार घराच्या दिशेने असणे यांमुळे पावसाचे पाणी पायाभिंतीतून आत झिरपते. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे २,५०० लिटर पाणी जमा होते. त्याचा थोडा अंश पायाशी मुरला तरी पोकळीत चिखल होण्यास तो पुरेसा ठरतो.

दुसरा मार्ग केशाकर्षणाचा. माती, वीट आणि काँक्रीट यांतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध दिशेने वर चढते आणि पायाभिंतीवर टेकलेल्या लाकडापर्यंत पोहोचते.

तिसरा मार्ग बाष्पाच्या विसरणाचा. उघडी माती वरून कोरडी दिसत असली तरी तिच्या खालच्या थरांतील पाण्याची वाफ सतत वर येत असते.

चौथा आणि सर्वाधिक गैरसमजाचा विषय ठरलेला मार्ग हवेचा आहे. उन्हाळ्यात बाहेरचे तापमान ३२ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे २३ अंश असतो. पोकळीतील माती, थंड पाण्याचे नळ आणि वातानुकूलनाच्या हवानलिका यांचे तापमान अनेकदा याहून कमी असते. झरोक्यांतून आत आलेली हवा अशा पृष्ठभागांना लागताच तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, ती हीच क्रिया होय.

वायुवीजनाचा नियम आणि त्याचा पुनर्विचार

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अमेरिकेत पोकळीच्या भिंतींना झरोके ठेवण्याची प्रथा रूढ झाली. वारा खेळता राहिला की ओल वाळते, ही त्यामागची समजूत होती. पुढे बांधकाम नियमांत तिला आकड्यांचे रूप मिळाले. प्रचलित आंतरराष्ट्रीय निवासी संहितेनुसार पोकळीच्या दर १५० चौरस फूट क्षेत्रास झरोक्याचे १ चौरस फूट निव्वळ क्षेत्र आवश्यक असते. जमीन बाष्परोधक आवरणाने झाकलेली असल्यास आणि झरोके समोरासमोर वारा खेळेल असे असल्यास दर १,५०० चौरस फुटांस १ चौरस फूट पुरते. या दोन प्रमाणांतील दहापट फरकावरून झरोक्यांच्या तुलनेत जमिनीवरील आवरणाचे महत्त्व लक्षात येते.

इलिनॉय विद्यापीठातील संशोधक विल्यम रोझ यांनी १९९० च्या दशकात या नियमांच्या इतिहासाचा अभ्यास केला. झरोक्यांच्या क्षेत्राविषयीच्या नियमांमागे पुरेसे प्रायोगिक पाठबळ नव्हते, असे या अभ्यासातून पुढे आले. घरगुती वातानुकूलनाच्या प्रसारामुळे परिस्थिती आणखी बदलली. फळ्यांची जमीन आणि हवानलिका उन्हाळ्यात थंड राहू लागल्या, आणि जे झरोके वाळवण्यासाठी ठेवले होते तेच दमट प्रदेशात ओल आणण्याचे साधन बनले.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ॲडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने २००० च्या दशकाच्या आरंभी प्रिन्सव्हिल या गावातील १२ घरांवर केलेला अभ्यास या विषयात वारंवार उद्धृत केला जातो. घरांचे चार-चारचे तीन गट करण्यात आले होते. पहिल्या गटात झरोके उघडे ठेवून जमिनीवर आवरण घातले होते. दुसऱ्या गटात पोकळी बंदिस्त करून उष्णतारोधन फळ्यांच्या खाली ठेवले होते, तर तिसऱ्या गटात पोकळी बंदिस्त करून उष्णतारोधन भिंतींवर बसवले होते. उन्हाळ्यात बंदिस्त पोकळ्या झरोके असलेल्या पोकळ्यांपेक्षा स्पष्टपणे कोरड्या राहिल्या, तसेच त्या घरांचा तापन व शीतनावरील ऊर्जाखर्च सरासरीने सुमारे १५ टक्के किंवा अधिक कमी झाला. यानंतर बंदिस्त पोकळीच्या पर्यायाला अधिक व्यापक मान्यता मिळाली.

ओलीचे परिणाम

लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल तर कुजवणाऱ्या बुरशीची वाढ होत नाही. हे प्रमाण २८ ते ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तंतुसंपृक्ततेच्या पातळीवर गेले आणि तेथे टिकले, की लाकूड कुजू लागते. पृष्ठभागावरील साधी बुरशी त्याआधीच, म्हणजे पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांवर राहिली असता दिसू लागते. ओलसर लाकूड आणि माती वाळवीलाही पोषक ठरतात.

परिणाम पोकळीपुरते मर्यादित राहत नाहीत. हिवाळ्यात घरातील उबदार हवा वर चढून छताकडील फटींतून बाहेर पडते आणि तिची जागा घेण्यासाठी खालची हवा फळ्यांमधील व नळांभोवतीच्या फटींतून वर ओढली जाते. तिच्याबरोबर कुबट वास, बुरशीचे बीजाणू आणि बाष्प घरात येते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या व्यक्तींना याचा त्रास होऊ शकतो. याच मार्गाने रेडॉन हा किरणोत्सारी वायूही घरात शिरतो. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर रेडॉनचा क्रमांक लागतो. हवेतील त्याचे प्रमाण दर लिटरला ४ पिकोक्युरी किंवा अधिक आढळल्यास उपाययोजना करावी, अशी तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेची शिफारस आहे.

पूर्वपाहणी

बंदिस्तीकरण हा पाण्याच्या गळतीवरील उपाय नव्हे. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी पुढील बाबींची तपासणी केली जाते.

पूरक्षेत्र: घर अधिकृत पूरक्षेत्रात असल्यास पायाभिंतीत पुराचे पाणी आत-बाहेर होण्यासाठी मोकळ्या वाटा ठेवणे बंधनकारक असते. त्यांचे सर्वसाधारण प्रमाण बंदिस्त क्षेत्राच्या दर चौरस फुटाला १ चौरस इंच असे आहे. या वाटा बुजवल्यास पुराच्या वेळी भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या दाबात फरक पडून भिंत कोसळू शकते. शिवाय पूरविम्याच्या अटींचाही भंग होतो.

ज्वलनयंत्रे: पोकळीत गॅसवरील भट्टी किंवा पाणी तापवण्याचे यंत्र असेल आणि ते ज्वलनासाठी आसपासचीच हवा घेत असेल, तर झरोके बुजवल्यावर त्याला हवा अपुरी पडते. धुराड्यातून बाहेर जाणारे वायू उलटे आत येतात आणि कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो. अशा ठिकाणी बाहेरून स्वतंत्र नळीने हवा घेणारे यंत्र बसवल्याशिवाय किंवा ज्वलनासाठी हवेची अन्य व्यवस्था केल्याशिवाय काम करता येत नाही.

लाकडाची स्थिती: टोकदार पिना असलेल्या आर्द्रतामापकाने कड्या, तुळया आणि पायाभिंतीवरील लाकूड ठिकठिकाणी तपासले जाते. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सहज आत गेल्यास लाकूड कुजले आहे असे समजले जाते. भार पेलणाऱ्या लाकडाची दुरुस्ती संरचना अभियंत्याच्या किंवा अनुभवी सुताराच्या सल्ल्याने आधी करून घेतली जाते.

वाळवी व रेडॉन: वाळवीची तपासणी आणि आवश्यक ते उपचार आवरण घालण्यापूर्वी केले जातात. रेडॉनची चाचणी कामाच्या आधी आणि नंतर अशी दोनदा केली जाते.

अन्य गळती: फुटके नळ, सांडपाण्याचे सैल सांधे आणि कपडे वाळवण्याच्या यंत्राची दमट हवा पोकळीतच सोडणारी नळी हे दोष नेहमी आढळतात. ही नळी भिंतीबाहेर नेणे अनिवार्य मानले जाते.

कामाचा क्रम

१. बाहेरील पाण्याचा निचरा. पन्हळी साफ करून त्यांचे पाणी घरापासून दूर सोडले जाते. भिंतीलगतच्या जमिनीला पहिल्या ३ मीटरमध्ये किमान १५ सेंटिमीटर उतार दिला जातो. एवढे करूनही आत पाणी येत असल्यास पोकळीच्या कडेने चर खणून त्यात खडी व छिद्रे असलेली नळी घातली जाते आणि सर्वांत खोल जागी खड्डा करून त्यात पाणी उपसणारा पंप बसवला जातो. पुढचे काम सुरू करण्यापूर्वी दोन-तीन जोरदार पावसांत जमीन कोरडी राहते का, हे पाहणे हितावह असते.

२. साफसफाई. लाकडाचे तुकडे, पुठ्ठे, पाने आणि पूर्वीच्या बांधकामाचा राडारोडा काढला जातो. ओल धरून लोंबकळणारे फायबर काचेचे उष्णतारोधन पिशव्यांत भरून बाहेर नेले जाते. टोकदार दगड काढून जमीन सारखी केली जाते, कारण आवरणाला पडणारी बहुतेक छिद्रे खालच्या खड्यांमुळे आणि वर रांगणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांमुळे पडतात.

३. बुरशीचे निर्मूलन. लाकडावरील बुरशी ब्रशने व सौम्य साबणाच्या पाण्याने घासून काढली जाते आणि लाकूड पूर्ण वाळू दिले जाते. ओलीचे कारण दूर न करता केवळ रसायन फवारल्यास बुरशी पुन्हा येते.

४. हवेच्या फटी बुजवणे. नळ, तारा आणि हवानलिका जेथून वर जातात तेथील भोके फेसाने किंवा सीलंटने बंद केली जातात. पायाभिंत आणि लाकूड यांच्यामधील सांधाही असाच भरला जातो. झरोके आतून कडक फोमच्या पट्ट्या बसवून बंद केले जातात. पोकळीचे दार घट्ट बसणारे आणि कडेला रबरी पट्टी असलेले केले जाते.

५. जमिनीवरील आवरण. पॉलिथिलीनचे पट्टे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अंथरले जातात. दोन पट्टे एकमेकांवर किमान १५ सेंटिमीटर चढवून तो जोड विशेष चिकटपट्टीने बंद केला जातो. खांबांभोवती आवरण कापून गुंडाळले जाते आणि खांबाला चिकटवले जाते.

६. भिंतींवरील आवरण. निवासी संहितेनुसार आवरण भिंतीवर किमान १५ सेंटिमीटर चढवून चिकटवणे आवश्यक असते. बहुतेक ठिकाणी ते बरेच वरपर्यंत नेले जाते. मात्र भिंतीचा सर्वांत वरचा सुमारे ७.५ सेंटिमीटरचा पट्टा उघडा ठेवला जातो. वाळवी मातीपासून लाकडापर्यंत मातीच्या बारीक नळ्या बांधत जाते. या उघड्या पट्ट्यावर त्या नळ्या वेळीच दिसतात.

७. उष्णतारोधन. बंदिस्त पोकळीत ते फळ्यांखाली न बसवता पायाभिंतींच्या आतल्या बाजूस बसवता येते. त्यामुळे नळ आणि हवानलिका उष्णतारोधनाच्या आत येतात. फोम ज्वलनशील असल्याने त्याच्या अग्निसुरक्षेविषयीचे स्थानिक नियम पाळावे लागतात. वाळवीचा उपद्रव जास्त असलेल्या प्रदेशांत फोमच्या वापरावर अधिक निर्बंध असतात.

८. हवा कोरडी ठेवण्याची यंत्रणा. पोकळी बंद केल्यावर हे काम अनिवार्य ठरते. त्याचे पर्याय पुढे दिले आहेत.

साहित्य आणि प्रमाण

आवरणासाठी पॉलिथिलीनचा कागद वापरतात. त्याची जाडी मिल या एककात सांगितली जाते. १ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, अर्थात सुमारे ०.०२५ मिलिमीटर. ६ मिल जाडीचा कागद बाष्प अडवण्यास पुरेसा असतो, तो ०.१ पर्म किंवा त्याहून कमी पारगम्यता असलेल्या पहिल्या वर्गाच्या बाष्परोधकांत मोडतो. तथापि दुरुस्तीसाठी माणसे वर रांगतात तेव्हा तो लवकर फाटतो. म्हणून बंदिस्तीकरणात १० ते २० मिल जाडीचा, बहुधा आत जाळी असलेला कागद वापरला जातो. जाड कागदाचा मुख्य लाभ टिकाऊपणाचा असतो.

उदाहरणार्थ, १२ मीटर लांब व ९ मीटर रुंद पोकळीचे क्षेत्र १०८ चौरस मीटर आणि परिमिती ४२ मीटर होते. भिंतीवर ०.९ मीटर उंचीपर्यंत आवरण घ्यायचे असल्यास आणखी सुमारे ३८ चौरस मीटर कागद लागतो. जोड, खांब आणि वाया जाणारे तुकडे यांसाठी १० ते १५ टक्के अधिक धरल्यास एकूण सुमारे १६५ चौरस मीटर कागद आवश्यक ठरतो.

हवा कोरडी ठेवण्याचे पर्याय

आवरण कितीही चांगले असले तरी थोडे बाष्प आत येतच राहते. ते बाहेर काढण्यासाठी संहितेत काही पर्याय दिले आहेत.

वातानुकूलित हवेचा पुरवठा: घराच्या वातानुकूलन यंत्रणेतून दर ५० चौरस फुटांस मिनिटाला १ घनफूट या दराने हवा पोकळीत सोडली जाते. वरील उदाहरणातील पोकळीसाठी हे प्रमाण मिनिटाला सुमारे २३ घनफूट होते. हा पर्याय स्वस्त आहे; परंतु वातानुकूलन यंत्र बंद असलेल्या काळात, विशेषतः वसंत व शरद ऋतूंत, त्याचा उपयोग होत नाही.

सतत चालणारा निष्कासक पंखा: हा पंखा त्याच दराने पोकळीतील हवा बाहेर टाकतो आणि तिच्या जागी घरातील हवा खाली येते. पोकळीतील हवा वर जाण्याची वाट यामुळे उलटते. मात्र आत साधी ज्वलनयंत्रे असल्यास हा पर्याय धोकादायक ठरतो.

आर्द्रता शोषणारे यंत्र: डीह्युमिडिफायर या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र हवेतील बाष्पाचे पाणी करून ते नळीने बाहेर सोडते. दर १,००० चौरस फूट क्षेत्रास दिवसाला ७० पिंट, म्हणजे सुमारे ३३ लिटर पाणी काढण्याची क्षमता अपेक्षित असते. दमट प्रदेशात हा पर्याय सर्वांत भरवशाचा मानला जातो. यंत्रातील पाणी पोकळीतच न सोडता बाहेर किंवा सांडपाण्याच्या नळात सोडावे लागते.

कोणताही पर्याय निवडला तरी सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवणे हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. दीर्घकाळ ओल्या राहिलेल्या घरात ती हळूहळू कमी केली जाते. लाकूड एकदम वाळल्यास ते आकसते आणि वरच्या लाकडी फरशीत फटी पडतात.

सुरक्षितता

पोकळीतील काम अरुंद, अंधाऱ्या आणि अनेकदा ओल्या जागेत करावे लागते. ओल्या मातीवर झोपून काम करताना विजेचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून आतील तारांचा वीजपुरवठा बंद ठेवला जातो आणि दिवे व अवजारे गळती होताच प्रवाह खंडित करणाऱ्या जोडणीवरच चालवली जातात. धूळ, बुरशी आणि फायबर काच यांपासून संरक्षणासाठी योग्य मुखपट, चष्मा, हातमोजे, गुडघ्यांचे पॅड आणि अंग झाकणारा पोशाख वापरला जातो.

उंदरांच्या विष्ठेतून हंटाव्हायरसचा संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे ती कोरडी झाडली जात नाही. निर्जंतुक द्रावणाने भिजवून मग पुसून काढली जाते. जुन्या घरांत नळांवरील किंवा हवानलिकांवरील वेष्टनात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. असे वेष्टन आढळल्यास त्याला हात न लावता प्रशिक्षित व्यक्तींकडून तपासणी करून घेतली जाते. विषारी कोळी आणि साप यांचाही धोका असतो. एकट्याने काम करू नये, बाहेर एक व्यक्ती कायम हजर असावी आणि द्रावकयुक्त चिकटद्रव्ये वापरताना हवा खेळती ठेवावी, ही सामान्य खबरदारी आहे. घरात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवले जाते.

स्वतः करण्याच्या कामाच्या मर्यादा

पन्हळी व अंगणाचा उतार सुधारणे, साफसफाई, आवरण घालणे, फटी बुजवणे आणि दार बसवणे ही कामे साध्या अवजारांनी होऊ शकतात. त्यांत कौशल्यापेक्षा चिकाटीचा भाग मोठा असतो. याउलट नवीन वीजजोडणी, गॅसच्या यंत्रांतील बदल, भार पेलणाऱ्या लाकडाची दुरुस्ती, रेडॉन शोषून बाहेर सोडणारी यंत्रणा आणि वाळवीवरील रासायनिक उपचार ही कामे परवानाधारक व्यक्तींकडे सोपवली जातात. अनेक ठिकाणी झरोके बंद करण्यासाठीही स्थानिक बांधकाम विभागाची परवानगी लागते.

पूर्ण बंदिस्तीकरण परवडत नसल्यास पाण्याचा निचरा सुधारणे आणि उघड्या मातीवर ६ मिलचा कागद अंथरणे ही दोन कामे आधी केली जातात. खर्चाच्या मानाने त्यांचा लाभ सर्वाधिक असतो. मात्र केवळ झरोके बंद करून माती उघडी ठेवणे हा सर्वांत घातक अर्धवट उपाय आहे. त्यात बाष्प येण्याचा मार्ग खुला राहतो आणि बाहेर जाण्याचा बंद होतो.

देखभाल

पोकळीत ठेवलेल्या आर्द्रतामापकाची नोंद घरात बसून पाहता येईल अशी साधने उपलब्ध आहेत. वर्षातून किमान दोनदा आत जाऊन आवरणाचे जोड, भिंतीवरील उघडा पट्टा, पंप आणि आर्द्रताशोषक यंत्राची गाळणी तपासली जाते. आवरणावर पाणी साचलेले दिसल्यास नळाची गळती, तर आवरणाखाली पाणी दिसल्यास बाहेरून होणारी झिरप संभवते. वीजपुरवठा खंडित झाल्यास पंप थांबतो. म्हणून पाण्याचा उपद्रव असलेल्या घरांत बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवला जातो.

टीका

बंदिस्तीकरण प्रत्येक हवामानात सारखेच लाभदायक ठरत नाही. कोरड्या प्रदेशांत बाहेरच्या हवेतून येणारी ओल मुळातच कमी असते, तर थंड प्रदेशांत उष्णतारोधन केवळ भिंतींवर ठेवल्यास पोकळीतील उष्णता जमिनीत जाऊन तापनाचा खर्च वाढू शकतो. आर्द्रताशोषक यंत्र सतत विजेवर चालत असल्याने बचतीचा काही भाग त्यातच खर्च होतो. जाड कागदाची मोठ्या किमतीला विक्री करताना पन्हळी आणि उतार यांसारख्या स्वस्त उपायांकडे दुर्लक्ष होते, अशीही टीका केली जाते.

महाराष्ट्रातील बांधकामाशी तुलना

महाराष्ट्र व गोव्यातील पारंपरिक घरांत क्रॉल स्पेस नसतो. कोकणात जांभ्या दगडाचे जोते बांधून ते माती व मुरमाने भरले जाते आणि त्यावर जमीन केली जाते. जमिनीखाली हवेची पोकळी नसल्यामुळे तेथे ओल प्रामुख्याने केशाकर्षणाने भिंतीतून चढते. ती रोखण्यासाठी जोत्याच्या पातळीवर काँक्रीटचा किंवा डांबराचा ओलरोधक थर दिला जातो. बाष्परोधक आवरण आणि हा थर यांमागील तत्त्व एकच आहे: जमिनीतील पाणी आणि बांधकाम यांच्यामधील संपर्क तोडणे.

दमट हवेने वस्तू वाळत नाहीत, हा अनुभवही कोकणात परिचित आहे. पावसाळ्यात दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या तरी मीठ व पापड सादळतात आणि कपाटातील पुस्तकांना बुरशी येते. आत येणारी हवा स्वतःच ओली असेल तर ती वाळवू शकत नाही, हे झरोक्यांविषयीच्या पुनर्विचाराचे सार या अनुभवातून समजू शकते. अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी भाषकांना मात्र जोत्याऐवजी क्रॉल स्पेस असलेले घर घेण्याचा प्रसंग येतो. तेथे घर खरेदी करण्यापूर्वीच्या तपासणीत पोकळीतील लाकडाची आर्द्रता, पाण्याच्या खुणा आणि रेडॉनचे प्रमाण यांची पाहणी समाविष्ट करणे उपयुक्त ठरते.

हेही पाहा

दवबिंदू
सापेक्ष आर्द्रता
केशाकर्षण
रेडॉन
वाळवी
जोते